मर्यादा मोडली, असे म्हणावे का?

रात्री पाम बीच मार्गाच्या कडेला उभे राहून दूरवर पाहिले, तर समोरून येणाऱ्या मोटारीचे दोन दिवे आधी एकच ठिपका म्हणून दिसतात. मोटार जवळ येते तसा तो ठिपका रुंदावतो आणि एका क्षणी एकाचे दोन होतात. बारावीला विभेदनक्षमता शिकवताना हे उदाहरण आपण सारेच देतो. त्यावर गणितही घालतो : दोन दिव्यांमध्ये दीड मीटर अंतर, डोळ्याच्या बाहुलीचा व्यास ५ मिलिमीटर, प्रकाशाची तरंगलांबी ५५० नॅनोमीटर, तर जास्तीत जास्त किती अंतरावरून हे दिवे वेगळे दिसतील? १.२२ गुणिले तरंगलांबी भागिले व्यास, हे सूत्र वापरले की उत्तर येते सुमारे ११ किलोमीटर. विद्यार्थ्याला पूर्ण गुण मिळतात.

गंमत अशी की वाशीपासून बेलापूरपर्यंतचा पाम बीच मार्ग सगळा मिळूनच सुमारे १० किलोमीटर लांबीचा आहे. म्हणजे सूत्राप्रमाणे बेलापूरच्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाला वाशीत सुरू झालेल्या मोटारीचे दिवेही वेगळे दिसायला हवेत. तसे कोणालाच दिसत नाहीत. निरोगी डोळा साधारणपणे अंशाच्या साठाव्या भागाइतका कोन ओळखू शकतो. त्या हिशेबाने दिवे पाचएक किलोमीटरवरून वेगळे दिसावेत, आणि दिव्यांचा झगमगाट ध्यानात घेतला तर प्रत्यक्षात त्याहूनही जवळून. मग सूत्र चुकले का? नाही. प्रकाश तरंगरूप असल्यामुळे याहून बारीक भेद दिसणार नाही, एवढेच सूत्र सांगते. तेवढा भेद दिसेलच, अशी हमी ते देत नाही. डोळ्याच्या भिंगाचे दोष, दृष्टिपटलावरील पेशींमधील अंतर, हवेतील धूळ या गोष्टी सूत्रात नाहीत. नाहीत, हे आपण गणित घालताना सांगत नाही.

ही चूक किरकोळ वाटेल. परंतु तिचे दुसरे टोक गेल्या काही वर्षांत वर्गात येऊन उभे राहिले आहे. २०१४ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक एरिक बेट्झिग, श्टेफान हेल आणि विल्यम मोर्नर यांना सूक्ष्मदर्शकाच्या क्षेत्रातील कामासाठी मिळाले. तेव्हापासून ‘प्रकाशाची मर्यादा मोडली’, ‘आबेचा नियम खोटा ठरला’ अशा आशयाचे लेख आणि चित्रफिती विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचल्या आहेत. हुशार विद्यार्थी मग विचारतो, “सर, पुस्तकातले सूत्र आता चुकीचे ठरले ना? मग ते पाठ कशाला करायचे?”

प्रश्न रास्त आहे. त्याला ‘परीक्षेत येते म्हणून’ असे उत्तर देणे हा त्याच्यावर अन्याय आहे, आणि ‘विज्ञानात नियम बदलतच असतात’ असे उत्तर देणे हा विज्ञानावर अन्याय आहे. माझे म्हणणे असे की, पाठ्यपुस्तकी मांडणी आणि ‘मर्यादा मोडली’ ही बातमी यांत एकच दोष आहे. पुस्तक नियमाच्या अटी सांगत नाही, म्हणून नियम मोडल्याची बातमी खरी वाटते.

पुस्तकात दोन नियम एक होतात

आपण ज्याला ‘मर्यादा’ म्हणतो ती दोन वेगवेगळ्या माणसांनी, दोन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे शोधताना मांडली. येना येथील एर्न्स्ट आबे यांनी १८७३ साली सूक्ष्मदर्शकाच्या संदर्भात, तर लॉर्ड रॅले यांनी १८७९ साली वर्णपटदर्शकाच्या संदर्भात. पुस्तकांत ही दोन्ही सूत्रे लागोपाठ येतात. एकात १.२२ हा गुणक आहे आणि दुसऱ्यात नाही, एवढाच फरक विद्यार्थ्याच्या लक्षात राहतो.

आबे यांचा विचार असा. समजा, काचेवर अत्यंत जवळजवळ समांतर रेघा ओढल्या आहेत. त्यांवर प्रकाश पडला की तो विवर्तनाने निरनिराळ्या दिशांना फाकतो. रेघा जितक्या जवळ, तितका प्रकाश अधिक तिरका फाकतो. वस्तुभिंगाला ठरावीक कोनातलाच प्रकाश गोळा करता येतो. रेघा इतक्या जवळ आल्या की फाकलेला पहिला किरणझोत भिंगाच्या कडेबाहेरून निघून जातो. मग भिंगात शिरतो फक्त सरळ आलेला प्रकाश, आणि त्या प्रकाशात रेघांविषयी कसलीच माहिती नसते. प्रतिमा एकसारखी उजळ दिसते. रेघा अंधूक होत नाहीत, त्या नाहीशाच होतात. प्रकाश तिरका सोडून थोडी मदत होते, आणि तेही जमेस धरून मर्यादा येते ती अशी : तरंगलांबी भागिले न्यूमरिकल अ‍ॅपर्चरची दुप्पट. निळसर-हिरवा ५०० नॅनोमीटरचा प्रकाश आणि तेलात बुडवलेले १.४ अ‍ॅपर्चरचे उत्तम वस्तुभिंग घेतले, तर हे अंतर सुमारे १८० नॅनोमीटर भरते. येना येथे आबे यांच्या स्मारकावर हे सूत्र कोरलेले आहे. मूळ १८७३ च्या निबंधात मात्र त्यांनी ते सूत्ररूपात न लिहिता शब्दांत मांडले होते.

रॅले यांचा प्रश्न निराळा होता. दोन ठिपक्यांचे धूसर वर्तुळाकार डाग एकमेकांवर आले, तर ते दोन आहेत असे कधी म्हणायचे? त्यांनी सोयीचा संकेत ठरवला : एका डागाचा मध्य दुसऱ्याच्या पहिल्या काळ्या कड्यावर पडेल तेव्हा. या स्थितीत दोन शिखरांच्या मध्ये उजेड सुमारे २६ टक्क्यांनी उतरलेला असतो. हा उतार डोळ्याला सहज कळतो, म्हणून संकेत चांगला. पण आजचा कॅमेरा दहा टक्क्यांचा उतारही सहज ओळखील. म्हणजे रॅले यांचा निकष ही भिंत नव्हे, ती जमिनीवर आखलेली रेघ आहे. ती सोयीसाठी आखली, हे रॅले यांनीही लपवले नव्हते.

आबे यांची मर्यादा ‘माहिती भिंगापर्यंत पोहोचते का’ या प्रश्नाची आहे; रॅले यांची मर्यादा ‘पोहोचलेल्या माहितीवरून आपण निर्णय कधी घेतो’ या प्रश्नाची आहे. पुस्तकात या दोघी एका परिच्छेदात नांदतात, आणि मग ‘मर्यादा मोडली’ म्हणजे नेमके काय मोडले, हे विचारण्याचीही सोय उरत नाही.

मोठे भिंग म्हणजे मर्यादेपलीकडे जाणे नव्हे

आणखी एक गोंधळ येथेच दूर करायला हवा. जुन्नर तालुक्यातील खोडद येथे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप म्हणजे जी.एम.आर.टी. आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या आहेत. हायड्रोजनच्या २१ सेंटिमीटर तरंगलांबीला एकटी अँटेना अंशाच्या तिसऱ्या हिश्श्याइतका जाडाभरडा भेद पाहते. सगळ्या मिळून मात्र एका अंशाच्या सुमारे दोन हजाराव्या भागाइतका बारीक भेद पाहतात. सहलीला गेलेले विद्यार्थी हे ऐकून ‘म्हणजे विवर्तनाची मर्यादा ओलांडली’ असे लिहून आणतात.

तसे नाही. तेथे सूत्र जसेच्या तसे पाळले गेले आहे. फक्त व्यासाच्या जागी ४५ मीटरऐवजी २५ किलोमीटर आले. २०१९ साली प्रसिद्ध झालेले कृष्णविवराचे पहिले चित्र हाही याच जातीचा पराक्रम : तेथे व्यासाच्या जागी जवळजवळ पृथ्वीच होती. हे काम अवघड आणि कौतुकास्पद आहे, पण त्याने सूत्राला धक्का लागत नाही. सूक्ष्मदर्शकात हा मार्ग बंद असतो. वस्तूच्या दोन्ही अंगांनी भिंग कितीही मोठे केले तरी सर्व दिशांचा प्रकाश गोळा होण्यापलीकडे काही साधत नाही. म्हणून तेथे वेगळी युक्ती लागली.

मर्यादेच्या चार न सांगितलेल्या अटी

आबे यांचा युक्तिवाद पुन्हा वाचला, तर त्यात काही गोष्टी गृहीत आहेत असे दिसते. एक, आपण प्रकाश वस्तूपासून दूर, म्हणजे अनेक तरंगलांबी अंतरावर गोळा करतो. दोन, वस्तूचे सर्व भाग एकाच वेळी दिसत आहेत. तीन, वस्तूवर पडणारा उजेड सर्वत्र सारखा आहे. चार, वस्तूवर जितका उजेड पडतो त्याच प्रमाणात ती उजेड परत देते. यांतली प्रत्येक अट कोणी ना कोणी सोडून पाहिली आहे.

पहिली अट सोडण्याची कल्पना सर्वांत जुनी. एडवर्ड सिंज यांनी १९२८ सालीच सुचवले होते की तरंगलांबीपेक्षा पुष्कळ लहान छिद्र वस्तूला जवळजवळ चिकटवून फिरवावे. बारीक तपशिलाची माहिती वस्तूच्या पृष्ठभागालगत असतेच, ती फक्त दूरवर प्रवास करत नाही. १९७२ मध्ये लंडन येथे अ‍ॅश आणि निकल्स यांनी ३ सेंटिमीटरच्या सूक्ष्मतरंगांवर हे करून दाखवले, आणि तरंगलांबीच्या साठाव्या भागाइतका भेद मिळवला. १९८४ च्या सुमारास दृश्य प्रकाशावरही ते जमले.

तिसरी अट सोडण्याचे श्रेय मुख्यतः मॅट्स गुस्ताफसन यांना जाते (२०००). ही युक्ती वर्गात दाखवता येते. दोन मच्छरदाण्या एकमेकींवर ठेवल्या की मोठमोठे पट्टे दिसतात, तसेच हे. वस्तूवर सारखा उजेड न सोडता पट्ट्यापट्ट्यांचा उजेड सोडायचा. वस्तूतील बारीक नक्षी आणि उजेडाचे पट्टे मिळून जाड पट्टे तयार होतात, आणि जाड पट्टे भिंगातून जाऊ शकतात. पट्टे थोडे सरकवून आणि फिरवून साधारण नऊ छायाचित्रे घेतली की संगणक मूळ नक्षी उलगडतो. मात्र पट्टेही भिंगातूनच सोडलेले, त्यामुळे तेही आबे यांच्या मर्यादेहून बारीक नसतात. परिणामी फायदा दुपटीपुरताच.

चौथी अट हेल यांनी सोडली. १९९४ मध्ये, फिनलंडमधील तुर्कू येथे असताना, यान विचमन यांच्यासह त्यांनी ही कल्पना मांडली. काही रेणूंवर एका रंगाचा प्रकाश टाकला की ते क्षणभराने दुसऱ्या रंगाचा प्रकाश देतात. याला अनुस्फुरण म्हणतात. पहिल्या लेझरने सुमारे २०० नॅनोमीटरचा ठिपका उजळायचा. लगेच त्यावर दुसरा लेझर मेदूवड्याच्या आकाराचा सोडायचा : कडेला प्रखर, मध्यभागी शून्य. हा दुसरा लेझर उद्दीपित उत्सर्जनाने कडेच्या रेणूंचे अनुस्फुरण थांबवतो. उजळत राहतो तो फक्त वड्याच्या भोकातला भाग. लक्षात घ्या, दोन्ही झोत आबे यांचा नियम मुकाट्याने पाळतात. भोकही काही तरंगलांबीहून फार लहान नसते. पण दुसऱ्या झोताची तीव्रता वाढवली की भोकाच्या आतल्या उतारावरचे रेणूही विझतात, आणि उजळ भाग आक्रसतो. किती? एक अधिक तीव्रतेचे गुणोत्तर, याच्या वर्गमुळाने. उजळ भाग दहापट लहान हवा असेल, तर दुसऱ्या झोताची तीव्रता रेणू विझवण्यास लागणाऱ्या ठरावीक तीव्रतेच्या ९९ पट लागेल. विद्यार्थ्यांना घालण्यासाठी हे गणित मोटारीच्या दिव्यांपेक्षा कितीतरी चांगले आहे.

दुसरी अट सोडणारी पद्धत समजायला सर्वांत सोपी. खारघरच्या टेकडीवरून रात्री दहा किलोमीटरवरच्या एखाद्या उंच इमारतीकडे पाहा. तीन-तीन मीटरांवरच्या खिडक्या एकमेकींत मिसळून एकच उजळ पट्टी दिसते. आता समजा, इमारतीतल्या लोकांनी ठरवून एका वेळी एकच दिवा लावला, तो विझवला, मग दुसऱ्याने लावला. प्रत्येक दिवा धूसरच दिसेल. पण एकच दिवा लागला आहे हे ठाऊक असल्यामुळे त्या धूसर डागाचा मध्य कागदावर अचूक मांडता येईल. सगळे दिवे संपले की कागदावर इमारतीच्या खिडक्यांचा नकाशा तयार असेल. बेट्झिग आणि त्यांचे सहकारी हॅरल्ड हेस यांनी २००६ साली हेच रेणूंबाबत केले. मंद प्रकाशाने थोडेच रेणू ‘जागे’ करायचे, त्यांची जागा नोंदवायची, ते विझू द्यायचे, आणि पुन्हा पहिल्यापासून. त्याच वर्षी हार्वर्डच्या झुआंग शाओवेई यांनी आणि सॅम्युअल हेस यांनी स्वतंत्रपणे तशाच पद्धती प्रसिद्ध केल्या. एकेक रेणू दिसू शकतो हे मोर्नर यांनी १९८९ मध्ये, आणि चमकणारे प्रथिन प्रकाशाने पेटवता-विझवता येते हे १९९७ मध्ये दाखवले होते. त्यांवरच ही इमारत उभी राहिली.

मध्य किती अचूक सापडतो, हे मिळालेल्या फोटॉनांच्या संख्येवर ठरते. डागाचा पसरटपणा भागिले फोटॉनसंख्येचे वर्गमूळ. पसरटपणा १०० नॅनोमीटर आणि फोटॉन ४०० असतील, तर जागा ५ नॅनोमीटरपर्यंत अचूक कळते. पसरटपणा मात्र १०० नॅनोमीटरच राहतो. तेथे आबे यांचे राज्य अबाधित आहे.

नोबेलच्या मांडणीत काय खटकते

२०१४ च्या निवेदनात नोबेल समितीने ही मर्यादा ‘गृहीत धरली गेलेली’ असल्याचा सूर लावला, आणि मर्यादेला विजेत्यांनी हुशारीने बगल दिली असेही म्हटले. सामान्य वाचकांसाठी काढलेल्या टिपणीचे शीर्षक होते, सूक्ष्मदर्शकाचा नॅनोस्कोप कसा झाला या अर्थाचे. ‘बगल दिली’ हा शब्दप्रयोग अचूक आहे. ‘गृहीत धरली गेलेली’ हा शब्द मात्र घसरतो. जणू शंभर वर्षे शास्त्रज्ञ एका अफवेवर विश्वास ठेवून बसले होते! मर्यादा गृहीत नव्हती, ती सिद्ध होती. गृहीत होत्या त्या तिच्या अटी. वर्तमानपत्रांनी ‘बगल’ सोडून दिली आणि ‘गृहीत’ उचलले.

‘नॅनोस्कोप’ या शब्दाबद्दलही थोडे. तो ऐकला की नवे, चांगले भिंग सापडले असे वाटते. खरे तर भिंगात काहीच बदल झाला नाही. बदलले ते रेणूंशी केलेले वागणे : त्यांना पेटवणे, विझवणे, पाळीपाळीने बोलायला लावणे. म्हणूनच पारितोषिक भौतिकशास्त्राचे नसून रसायनशास्त्राचे आहे. माझ्या मते या संपूर्ण प्रकरणातली वर्गात सांगण्याजोगी सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे, आणि बहुतेक लोकप्रिय लेखांत ती एका ओळीतही नसते.

तीन नावांच्या चौकटीमुळे राहिलेल्यांचीही आठवण ठेवायला हवी. झुआंग शाओवेई यांचे नाव यादीत नाही. गुस्ताफसन २०११ मध्येच वारले होते. अटी सोडण्याचे काम अनेकांनी वेगवेगळ्या बाजूंनी केले, हे विद्यार्थ्यांना कळले तर एका प्रतिभावंताने एका रात्रीत भिंत पाडली ही कथा आपोआप मागे पडेल.

एवढे सांगूनही त्या टिपणीचे एक श्रेय कबूल करायला हवे. गणिताशिवाय, चित्रांच्या आधारे, तिने हा विषय सामान्य वाचकापर्यंत नेला. आपल्याकडे बारावीनंतर विज्ञान सोडणाऱ्या मुलाला विवर्तन म्हणजे एक सूत्र आणि एक आकृती यापलीकडे काही मिळत नाही. त्या मानाने ती टिपणी पुष्कळ पुढे आहे.

किंमत कोण मोजते?

अट सोडली की किंमत द्यावी लागते, आणि बातम्यांत ती किंमत येत नाही. छिद्र वस्तूला चिकटवण्याच्या पद्धतीत फक्त पृष्ठभाग दिसतो. पेशीच्या आत डोकावता येत नाही. मेदूवड्याच्या पद्धतीत प्रखर प्रकाशाने रेणू कायमचे फिके पडतात आणि जिवंत पेशीला इजा होऊ शकते. पट्ट्यांच्या पद्धतीत संगणकाची आकडेमोड चुकली की खोटी नक्षी उमटते. एकेक रेणू मोजण्याच्या पद्धतीत वेळ जातो. सेकंदाला ३० या वेगाने दहा हजार छायाचित्रे घ्यायची तर साडेपाच मिनिटे लागतात, आणि जिवंत पेशी तेवढा वेळ छायाचित्रकारासमोर बसल्यासारखी स्थिर बसत नाही.

शिवाय आपण प्रथिन पाहत नाही, त्याला चिकटवलेला चमकणारा रेणू पाहतो. तो प्रतिपिंडांच्या साहाय्याने चिकटवला असेल, तर मूळ प्रथिनापासून १० ते २० नॅनोमीटर दूर असू शकतो. मग ‘५ नॅनोमीटर अचूक’ या शब्दांचा अर्थ काय राहिला? आणि २० नॅनोमीटरचा तपशील पाहायचा तर निदान दर १० नॅनोमीटरला एक चमकता रेणू हवा. ते विरळ असतील तर अखंड धाग्याच्या जागी तुटक ठिपके दिसतील, आणि धागा खरोखरच तुटका आहे असे वाटेल.

हा केवळ तात्त्विक काथ्याकूट नाही. आपल्या खारघरला टाटा मेमोरियल केंद्राची ‘अ‍ॅक्ट्रेक’ ही कर्करोग संशोधन संस्था आहे. अशा संस्थांत पेशीतील दोन प्रथिने दोन रंगांनी रंगवून कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे हे नेहमीचे काम असते. हिरवा आणि तांबडा एकाच जागी आले की पिवळा दिसतो. पण पिवळा दिसला म्हणजे दोन प्रथिने एकमेकांना चिकटली आहेत का? २०० नॅनोमीटरच्या ठिपक्यात ५ नॅनोमीटरची प्रथिने एका ओळीतच चाळीस मावतात. पिवळा रंग सांगतो की दोघे एकाच मोहल्ल्यात राहतात. एकाच घरात राहतात की नाही, ते सांगत नाही. या भेदावर रोगाविषयीचे निष्कर्ष ठरतात. तो जाणणारा संशोधक पिवळ्या ठिपक्यावर थांबत नाही. तो दुसऱ्या पद्धतीने पडताळा घेतो, किंवा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाकडे जातो. तेथे भेद फार बारीक, पण नेहमीच्या पद्धतीत पेशी मेलेली आणि निर्वातात ठेवलेली. कोणता सूक्ष्मदर्शक कोणत्या अटीवर चालतो, हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच चित्र वाचता येते. आपल्या वर्गातली काही मुले उद्या याच खुर्चीवर बसणार आहेत.

एक नवी फसगतही सांगून ठेवतो. मोबाइलमधील काही सोयी आणि संगणक-प्रणाली धूसर छायाचित्र ‘स्पष्ट’ करून देतात. त्यांनाही ‘सुपर रिझोल्यूशन’ असेच नाव आहे. पूर्वी पाहिलेल्या लाखो चित्रांवरून येथे बहुधा काय असावे याचा अंदाज बांधून ती प्रणाली तपशील भरते. अंदाज पुष्कळदा बरोबर येतो. पण भिंगापर्यंत न पोहोचलेली माहिती त्याने परत मिळत नाही. बेट्झिग यांच्या पद्धतीत प्रत्येक ठिपक्यामागे प्रत्यक्ष मोजलेले फोटॉन असतात. येथे त्या ठिपक्यामागे दुसऱ्याच कुठल्या तरी वस्तूची आठवण असते. हा फरक न समजलेला विद्यार्थी उद्या प्रयोगशाळेत फार मोठी चूक करू शकतो.

वर्गात काय करता येईल?

टीका करून थांबू नये, म्हणून तीन स्वस्त प्रयोग सुचवतो.

पहिला : जाड कागदावर २ मिलिमीटर अंतरावर दोन ठळक रेघा काढून कागद उन्हात लावावा. टाचणीच्या टोकाने अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्याला अर्ध्या मिलिमीटरचे छिद्र पाडून ते डोळ्यासमोर धरावे आणि मागे मागे जावे. सूत्राप्रमाणे दीड मीटरच्या आसपास रेघा मिसळू लागतात. छिद्र काढले की त्या सहा-सात मीटरपर्यंत वेगळ्या दिसतात. विवर्तनाची मर्यादा येथे विद्यार्थ्याच्या स्वतःच्या डोळ्यात उतरते.

दुसरा : दोन पारदर्शक कागदांवर समांतर रेघा छापाव्यात, एकावर १ मिलिमीटर अंतराने आणि दुसऱ्यावर १.०५ मिलिमीटर अंतराने. खिडकीच्या काचेवर एकच कागद लावून आठ मीटरवरून पाहिले तर रेघा दिसत नाहीत. दुसरा कागद त्यावर लावला की २१ मिलिमीटर अंतराचे पट्टे स्पष्ट दिसतात. न दिसणाऱ्या रेघांची खबर दिसणारे पट्टे कशी आणतात, हे मुलांनीच गणिताने काढावे. दुसऱ्या कागदावरच्या रेघांचे अंतर ठाऊक असल्याशिवाय ते काढता येत नाही, हेही त्यांच्या ध्यानात येईल.

तिसरा : फळ्यावर धूसर कडांचा एक मोठा डाग काढून (ओल्या फडक्याने खडूची कड पुसली की पुरे) प्रत्येक विद्यार्थ्याने त्याचा मध्य आपापल्या अंदाजाने मोजपट्टीवर वाचून वहीत लिहावा. एकेकाचे उत्तर सेंटिमीटरभर चुकेल. तीस-चाळीस जणांची सरासरी फारच थोडी चुकेल. डाग मात्र होता तेवढाच धूसर राहील. मग त्याच्याशेजारी, त्यात मिसळेल असा दुसरा डाग काढावा आणि पुन्हा मध्य विचारावा. या वेळी सरासरी काढूनही दोहोंपैकी एकाचाही मध्य मिळणार नाही. ‘एका वेळी एकच’ ही अट का महत्त्वाची आहे, ते मुलांना कोणी सांगावे लागणार नाही.

प्रश्नपत्रिकेतही एक छोटा बदल करता येईल. सूत्रात आकडे घालायला लावण्याबरोबरच विचारावे : ‘हे उत्तर प्रत्यक्षात मिळेल का? नसल्यास कोणत्या कारणाने?’ आणि पुढे : ‘याहून बारीक तपशील दिसल्याचा दावा कोणी केला, तर आपण त्याला कोणते प्रश्न विचाराल?’ या दुसऱ्या प्रश्नाला मी तरी चार उत्तरे अपेक्षीन : प्रकाश कोठे गोळा केला, सर्व भाग एकाच वेळी दिसत होते का, उजेड सर्वत्र सारखा होता का, आणि वस्तूने उजेडाला कसा प्रतिसाद दिला. पाचवे उत्तर एखाद्या मुलाने स्वतःहून लिहिले, की ‘वस्तूविषयी आधीच काय माहीत होते?’, तर त्याला एक गुण जास्त द्यावा.

त्या हुशार विद्यार्थ्याला आता मी असे उत्तर देतो : सूत्र चुकीचे ठरलेले नाही. पुस्तकातल्या त्या पानावर, सूत्राच्या खाली, पेन्सिलीने चार अटी लिहून ठेव. पुढच्या वेळी ‘मर्यादा मोडली’ असे वाचलेस, की त्यांतली कोणती अट सोडली आहे ते शोध, आणि तिच्यासाठी काय किंमत मोजली तेही शोध. सापडले नाही, तर मला येऊन सांग. आपण दोघे मिळून शोधू.